ओवी संतांची, कथा बेथलेहेमची

(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



इ. स. ३६२ मध्ये रोमन सम्राट ज्युलियनने ख्रिस्ती शिक्षकांना होमर शिकविण्यास प्रतिबंध केला. ज्यांची त्या देवांवर श्रद्धा नाही, त्यांनी ते काव्य शिकवू नये, हा त्याचा युक्तिवाद. तेव्हा अपोलिनारिस पितापुत्रांनी बायबलच्या कथाच ग्रीक काव्यरूपांत रचल्या, असे प्राचीन इतिहासकार नमूद करतात. पुढे पाचव्या शतकात सम्राज्ञी यूडोकियाने होमरच्याच ओळी जुळवून ख्रिस्तचरित्र गुंफले. देव बदलता आले. कानावरचा छंद बदलता आला नाही.

महाराष्ट्राला हे नवल दूरचे नाही. या नगरापासून पन्नासएक किलोमीटरवर पैठण. तेथे एकनाथ महाराज भागवत आणि रामायण ओवीत सांगत होते, त्याच काळात, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला. १६१६ साली रायतूर येथे स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. घाट सगळा संतकवींचा. स्वर्गासाठीही शब्द ‘वैकुंठ’!

हे केवळ भाषाप्रेम होते काय? भाषेवर स्टीफन्सचे प्रेम होते, यात शंका नाही. पण ग्रंथातच एक नवख्रिस्ती विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग तशी दुसरी का देत नाही? या प्रश्नामागे उभी आहे १५६० साली गोव्यात आलेली इन्क्विझिशन. धर्मांतर झाले तरी संध्याकाळी पुराण ऐकण्याची भूक उरली होती. पाद्र्यांनीही ती ओळखली. रामायण-महाभारताच्या कथांची रोमन लिपीतील मराठी-कोकणी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथे आजही जतन केलेली आहेत. ज्या कथांना बंदी, त्यांचाच अभ्यास!

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषाच सोडण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत स्वतःच्या मिशनऱ्याने पुराण रचले, तीही नकोशी झाली. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तो लोकांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून; आणि पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये तो देवनागरीत आणला.