पिकअप मोटार किंचित् उंच करतांना

मोटारगाडीच्या ज्या अवयवांकडे मालकाचें सहसा लक्ष जात नाहीं, त्यांत धक्काशोषकाचा, म्हणजेच शॉक-ॲब्सॉर्बरचा क्रमांक बराच वरचा लागेल. इंजिन कुरकुरलें कीं तें ऐकूं येतें. दिवा गेला कीं अंधार पडतो. ब्रेक सैल झाला कीं काळजाचा ठोका चुकतो. धक्काशोषक मात्र महिनोन् महिने थोडाथोडा झिजत राहतो, आणि गाडींत बिघाड झाला आहे हें उमगण्यापूर्वींच मालकाला तिच्या डुलण्याची संवय होऊन जाते. अमेरिकेंतील पिकअप मोटारींच्या मालकांनीं मात्र या उपेक्षित नळीला मोठा मान दिला आहे. गाडी एक-दोन इंच उंच करावयाची तर कोणते धक्काशोषक घ्यावेत आणि ते कोणत्या खांचेवर बसवावेत, या प्रश्नाचा ते एखाद्या शास्त्रार्थासारखा खल करीत असतात. त्या खलाच्या मुळाशीं जें यंत्रशास्त्र आहे, तें घरांत एखादी मोटार असणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्यासारखें आहे.

पिकअप म्हणजे पुढें बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा अशी गाडी. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं अशी गाडी कारखान्यांतच पूर्ण बांधून विकण्यास प्रारंभ केला. शेतकऱ्याचें धान्य, सुताराचीं लांकडें, गवंड्याचें सिमेंट या हौद्यांतून जाऊं लागलें. पुढें ही गाडी केवळ कामाची न राहतां हौसेचीहि झाली. टोयोटा कंपनीची टॅकोमा ही १९९५ पासून विकली जाणारी पिकअप या बाबतींत विशेष लोकप्रिय आहे. २००५ ते २०२३ पर्यंतच्या टॅकोमा गाड्यांची रचना उदाहरणादाखल घेतली, तर हा विषय चांगला स्पष्ट होतो. या गाड्यांना पुढच्या बाजूस प्रत्येक चाकाजवळ वेटोळ्याची स्प्रिंग असून तिच्या पोटांतून धक्काशोषक गेलेला असतो. मागें मात्र जुन्या पद्धतीचे कमानपाटे असून धक्काशोषक त्यांच्याजवळ निराळे बसविलेले असतात.

अशी गाडी रिकामी असतांना बाजूनें पाहिली, तर तिचा मागचा भाग पुढच्यापेक्षां किंचित् उंच दिसतो. हा कारखान्याचा प्रमाद नव्हे. हौद्यांत ओझें पडलें कीं मागचे कमानपाटे दबतात आणि गाडी समतल होते, एवढाच त्यांतला हेतु. परंतु ज्याची गाडी बहुतेक रिकामीच धांवते, त्याला हें पुढें झुकलेपण आवडत नाहीं. शिवाय रानांतल्या दगडधोंड्यांच्या वाटेनें जावयाचें, तर गाडीच्या पोटाखालीं थोडी अधिक जागा असावी असें त्यास वाटतें. म्हणून पुढची बाजू एक-दोन इंच उचलावी, हा विचार पुढें येतो.

येथें प्रथम एका नांवाची फोड केली पाहिजे. ज्याला धक्काशोषक म्हणतात, तो मुख्यतः धक्का शोषीत नाहीं. तें काम स्प्रिंगचें. बैलगाडीला स्प्रिंग नसते, त्यामुळें रस्त्यावरचा प्रत्येक दगड आंतल्या माणसाच्या हाडांपर्यंत पोंचतो. टांग्याला स्प्रिंग आली आणि तो दगड थोडा मऊ झाला. पण स्प्रिंगचा एक अवगुण आहे. एकदां दबली कीं ती उसळते, उसळली कीं पुन्हां दबते, आणि झोपाळ्याला झोंका द्यावा तशी कितीतरी वेळ डोलत राहते. वेगानें जाणाऱ्या मोटारीचें चाक असें डोलूं लागलें, तर तें जमिनीवर नीट टेंकत नाहीं. आणि जें चाक टेंकत नाहीं, तें वळत नाहीं व थांबतहि नाहीं. हें डोलणें शमविणें, हेंच धक्काशोषकाचें खरें काम.

तें तो कसें करतो, हें रंगपंचमीच्या पिचकारीवरून कळेल. पिचकारीचा दट्ट्या हळूं दाबला, तर तो मुकाट्यानें पुढें सरकतो. जोरानें दाबूं लागलें, तर हाताला विरोध जाणवतो. वेग जितका अधिक, तितका विरोध अधिक. धक्काशोषकाच्या नळींत तेल भरलेलें असतें आणि दट्ट्याला बारीक छिद्रें व झडपा असतात. चाक वरखालीं होतांच त्या छिद्रांतून तेल पिळून निघतें, आणि उसळण्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें खर्ची पडते. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून बराच वेळ धांवलेल्या गाडीच्या धक्काशोषकाला हात लावला, तर तो गरम लागतो.

या नळ्यांत दोन प्रमुख जाती आहेत. एकींत नळीच्या आंत दुसरी नळी असते. दुसरींत एकच नळी असून तेलाच्या एका टोंकाला दाबलेला नायट्रोजन वायु कोंडलेला असतो, आणि सरकत्या पडद्यानें तो तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. पहिली स्वस्त आणि साध्या वापरास पुरेशी. परंतु अतिश्रमानें तिच्यांतील तेल फेसाळूं लागलें, कीं तिचा जोर ओसरतो. दुसरीमध्यें वायूच्या दाबामुळें फेस होऊं शकत नाहीं, आणि तेल बाहेरच्या भिंतीलाच लागून असल्यानें तें लवकर निवतें. या दुसऱ्या जातीचा पाया फ्रान्समधील द कार्बों यांच्या संशोधनानें घातला. जर्मनींतील बिलस्टाइन कंपनीनें ती १९५७ मध्यें मर्सिडीज-बेंझ गाड्यांसाठीं कारखान्यांत तयार करण्यास आरंभ केला. याच कंपनीची ५१०० या क्रमांकाची मालिका आज अमेरिकन पिकअप-मालकांच्या विशेष परिचयाची आहे. तिच्या पुढच्या नळीवर एकाखालीं एक अशा खांचा कोरलेल्या असतात. त्यांपैकीं एका खांचेंत पोलादी कडें अडकवावयाचें आणि स्प्रिंगची बैठक त्या कड्यावर टेंकवावयाची. कडें जितक्या वरच्या खांचेंत, तितकी गाडीची पुढची बाजू उंच. टॅकोमाच्या बाबतींत ही वाढ शून्यापासून सुमारे २.५ इंचांपर्यंत करतां येते.

एका खांचेनें सरकलेली बैठक चाकापाशीं मात्र जवळजवळ दुप्पट उंची देते. कारण नळीचें खालचें टोंक चाकाला जोडलेलें नसून चाक धरणाऱ्या खालच्या भुजेच्या मध्याजवळ जोडलेलें असतें. तरफेच्या मध्यावर बोटभर हालचाल झाली, तर टोंकाला दोन बोटें होते, तसाच हा प्रकार.

आतां एक सार्वत्रिक गैरसमज असा कीं, बैठक वर सरकविल्यानें स्प्रिंग अधिक कडक होते. टेबलावर एक स्प्रिंग उभी करून तिच्यावर एक वजन ठेवावें, आणि मग स्प्रिंगच्या खालीं एक पुस्तक सारावें. वजन पुस्तकाच्या जाडीइतकें वर जाईल. पण स्प्रिंग पूर्वीइतकीच दबलेली राहील, कारण तिच्यावरील भार तोच आहे. गाडीचेंहि असेंच आहे. मग वरच्या खांचेवर बसविलेली गाडी कडक कां लागते? त्याचें कारण दुसरें. चाकाला वर येण्यास आणि खालीं लोंबण्यास मिळून जी एकूण वाट आहे, ती नळीच्या लांबीनें ठरलेली असते. समजा, खालीं लोंबण्यास ३.५ इंच वाव होता. गाडी २.५ इंच उचलली कीं त्यांतला एकच इंच उरला. मग चाक जरा खड्ड्यांत उतरलें कीं नळी पुरी ताणली जाऊन ठोकर बसते, आणि मालकाला वाटतें कीं स्प्रिंगच कडक झाली. उंची ही आकाशांतून पडत नाहीं; ती चाकाच्या खालच्या वाटेंतून उसनी घेतलेली असते.

यावरून निवडीचा नियम आपोआप निघतो. ज्यास केवळ गाडी समतल दिसावयास हवी, त्यानें १ ते १.५ इंच वाढीवर समाधान मानावें. फार उंच उचलल्यास चाकाला फिरविणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरपे होऊन त्यांची झीज वाढते, आणि वरच्या भुजेचा सांधाहि आपल्या मर्यादेजवळ येतो. पुढें पोलादी बंपर किंवा दोर ओढण्याचें यंत्र बसविलेलें असेल, तर मात्र गणित बदलतें. त्या वजनानें मूळची स्प्रिंग दबलेली असल्यामुळें बैठक वर नेण्यापेक्षां अधिक भाराची स्प्रिंग घेणेंच योग्य. मागच्या बाजूस नळी बदलल्यानें उंची वाढत नाहीं. तेथें उंची कमानपाट्यांच्या हातीं आहे. एखादा जादा पाटा घातला, तर त्या नव्या उंचीला पुरेल इतक्या लांबीची नळी घ्यावी, आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाहीं ना, हें पाहावें.

बसविण्यापूर्वीं मापें घ्यावींत, आणि तीं जमिनीपासून नव्हे, तर चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत घ्यावींत. म्हणजे टायरमधील हवेच्या कमीअधिकपणानें फसगत होत नाहीं. चारहि बाजूंचीं मापें लिहून ठेवावींत. अमेरिकेंत चालक डावीकडे बसतो, आणि टॅकोमाची पेट्रोलची टांकीहि डावीकडेच असते. त्यामुळें कित्येक गाड्या डाव्या अंगास किंचित् कललेल्या आढळतात. हें आधीं टिपून ठेवलें नाहीं, तर मागाहून तो दोष नव्या नळीच्या माथीं मारला जातो.

प्रत्यक्ष कामांत सर्वांत मोठा धोका स्प्रिंगचा आहे. ती नळीवरून काढतांना यंत्रानें आवळून धरावी लागते. त्या वेळीं तिच्यांत कित्येक मणांचा जोर कोंडलेला असतो. आंवळणारें यंत्र निसटलें किंवा वरचा नट अवेळीं सोडला, तर ती माणसाचा जीव घेऊं शकते. म्हणून घरीं हौसेनें सर्व कामें करणारे जाणते लोकहि एवढा भाग योग्य साधनें असलेल्या कारखान्यांतून करून घेतात. दुसरी खबरदारी रबरी बूशांची. चाकें अधांतरीं लोंबत असतांना भुजांचे बोल्ट घट्ट पिळले, तर गाडी खालीं टेंकतांच रबर कायमचें पीळ खाऊन राहतें आणि लवकर फाटतें. यासाठीं शेवटची आंवळणी गाडीचा भार चाकांवर आल्यावरच करावी.

काम येथें संपत नाहीं. उंची बदलली कीं चाकांचे कोन बदलतात; म्हणून व्हील अलाइनमेंट करून घेणें अपरिहार्य आहे. तें टाळल्यास नवे टायर एका बाजूनें झिजतात, आणि सुकाणूचक्र वळणानंतर आपल्या मूळ जागीं येण्यास आळस करतें. पुढची बाजू उचलल्यानें दिव्यांचे झोतहि वर जातात. ते पुन्हां खालीं वळविले नाहींत, तर आपली गाडी देखणी झाल्याची किंमत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांनीं मोजावी लागते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोलाचा आहे. गाडी उलटण्याची भीति मोजण्यासाठीं अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनानें २००१ पासूनच्या गाड्यांना एक सोपें प्रमाण लाविलें. दोन चाकांमधील रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीनें भागावें. उत्तर जितकें मोठें, तितकी गाडी स्थिर. उदाहरणार्थ, रुंदी १६० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असेल, तर उत्तर १.१४ येतें. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर वर गेला कीं तें १.०७ होतें. हा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु कोणी एकाएकीं आडवें आल्यावर चक्र फिरवावें लागतें, तेव्हां तो लहान राहत नाहीं. पुढची बाजू इंचभर उचलणाऱ्यास यापैकीं थोडाच वांटा येतो; पण हौसेस लगाम न घालणाऱ्यास तो पुरता भरावा लागतो.

या हौसेचें टोंक नॉर्थ कॅरोलिना राज्यांत दिसलें. तेथें पुढची बाजू फार उंच आणि मागची बाजू खालीं बसलेली अशा गाड्यांचें वेड पसरलें. अशा गाडीच्या चालकाला समोरच्या पत्र्यापलीकडचा रस्ता धड दिसत नाहीं, मग त्या रस्त्यावरचें मूल कोठून दिसणार! पुढचा पत्रा मागच्यापेक्षां ४ इंच किंवा त्याहून अधिक उंच करण्यास त्या राज्यानें १ डिसेंबर २०२१ पासून कायद्यानें मनाई केली.

भारतांत तर अधिकच सावधगिरी हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांना मर्यादा घालतें, आणि कारखान्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. तेव्हां अमेरिकेंतील आप्तांच्या गाडीचें छायाचित्र पाहून येथें तसेंच करूं जाणाऱ्यानें आधीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. परंतु झिजलेल्या धक्काशोषकाच्या जागीं त्याच मापाचा चांगला धक्काशोषक बसविण्यास कोणाचीच आडकाठी नाहीं. गाडीचा कोपरा जोरानें दाबून सोडावा. ती एकदां वर येऊन स्थिर झाली तर ठीक, डोलतच राहिली किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर नळीचें आयुष्य संपत आलें, असें समजावें.

धक्काशोषकाची थोरवी उंचावण्यांत नाहीं. उसळलेल्याला वेळेवर शांत करण्यांत आहे. गाडी किती उंच दिसते यापेक्षां तिचीं चारहि चाकें जमिनीला किती धरून आहेत, हें जो पाहील, त्याची निवड सहसा चुकणार नाहीं.