गणिताचे अध्यापन : एक स्वतंत्र विद्या



९व्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात व्याजाचे व्यवहारी हिशेबही घेतले. परंतु गणित येणे व ते शिकविता येणे या दोन भिन्न विद्या होत. १९७४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात या दुसऱ्या विद्येत पीएच.डी.पर्यंत संशोधन करता येते. केंद्राने आरंभीच्या काळात खानदेशातील खिरोदा येथे कार्य केले.

धडगावकडील आठवडे बाजारात तोंडी हिशेब करणारे पावरी बोलणारे मूल फळ्यावरील त्याच उदाहरणाशी अडत असेल, तर त्याचे कारण तेथील शिक्षकानेच शोधावे. समाजाच्या शिष्यवृत्त्या बहुधा भावी डॉक्टर-इंजिनिअरांना लाभतात. एक अशा संशोधक शिक्षकासही लाभावी. ज्ञानदानाचे पुण्य तेथेही तितकेच आहे.