ट्रामवेची लाच आणि दुपारची सावली

(अल खौद येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माणूस सद्गुणी आहे हे कशावरून ठरवायचे, कृतीच्या परिणामावरून की त्यामागच्या बुद्धीवरून? मराठीत हा वाद जुना आहे. आगरकर मिल-स्पेन्सर वाचून घडलेले. नीतीला देवाचा आधार लागत नाही, माणसांचे सुखदुःख पाहून ती ठरवता येते, असे त्यांचे मत. १८८२ साली त्यांच्याबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेल्या टिळकांनी पुढे मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले आणि त्यात याच विचाराची उलटतपासणी घेतली. ग्रंथ निघाला १९१५ साली. आगरकर १८९५ सालीच गेले होते, त्यामुळे उत्तर राहूनच गेले.

त्यातला एक दाखला कंत्राटे आणि मंजुऱ्यांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांनी ऐकावा असा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रामवे व्हायची होती. परवानगी लवकर मिळेना, म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्रामवे झाली, लोकांची सोय झाली. पुढे खटला होऊन तो दोषी ठरला. पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच कसोटी असेल, तर त्याला दोषी का म्हणायचे? टिळकांचे म्हणणे, नुसता परिणाम मोजून भागत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते.

मला अडते ते इथे. बुद्धी दिसते कुणाला? ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम घ्यायला बंदी आहे. एक साइट मॅनेजर दंडाच्या भीतीने काम थांबवतो, दुसरा कळवळ्याने. मजुराला सावली सारखीच मिळते. शिवाय ‘आमचा हेतू वाईट नाही’ हे पगार थकवणारे मालकही म्हणतात, आणि तेही अगदी मनापासून!

पण मे महिन्याचे काय? पारा तेव्हाही चाळिशी ओलांडतो आणि नियम लागू नसतो. दंडाला भिणारा काम चालूच ठेवतो. तिथे टिळकांची बुद्धीच उपयोगी पडते, हे मान्य करायला हवे.

तरीही मी आगरकरांकडे झुकतो. कळवळ्याच्या मॅनेजरची बदली होते, त्याच्या जागी दुसरा येतो. म्हणून बंदीच मेपासून लागू व्हावी असे मला वाटते. तोवर, इथे बसलेल्यांपैकी काहींच्या हातात साइटचे वेळापत्रक आहे. गेल्या मे महिन्यात त्यांनी काय केले, ते आता त्यांनीच सांगावे.