फाईल गायब झाली म्हणजे व्हायरस आला का?

(सातारा आणि सांगली इथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी मूळचा मिरजेचा. इंजिनिअरिंग करून बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय. ईदला घरी आलो की कुणीतरी लॅपटॉप पुढे करतंच आणि विचारतं, "भाई, फाईल मिसिंग म्हणतोय, व्हायरस आलाय का?" आज या एकाच प्रश्नावर बोलतो. वरवर हा प्रश्न दुकानातल्या दुरुस्तीचा वाटतो, पण आपल्यासाठी तो तेवढाच नाही.

आधी सरळ उत्तर. नुसती सिस्टम फाईल गायब असेल, तर बहुतेक वेळा व्हायरस नसतो. अपडेट चालू असताना लाईट जाते आणि फाईल अर्धवट लिहिली जाते. हार्ड डिस्क म्हातारी होते. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत भिजलेल्या किती मशिनी वाळवून पुन्हा चालू केल्या गेल्या, ते तुम्हाला माहीतच आहे. क्रॅक केलेलं विंडोज किंवा गेम टाकताना फायली बदलल्या जातात. कधी कधी तर राखणदारच घर मोडतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी अँटीव्हायरसच्या एका चुकीच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधली 'एसव्हीसीहोस्ट' ही अस्सल फाईलच व्हायरस समजून बाजूला काढली. जगभर संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले.

'अमुक डीएलएल सापडत नाही' असा संदेश आला, की मुलं गुगलवर ती फाईल शोधतात आणि कुठल्याही साईटवरून उतरवून घेतात. असं करू नका. व्हायरस नसतो तिथे तो असाच येतो. बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज टाकलं किंवा ते सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं, की काम होतं. विंडोजच्याच फायली बिघडल्या असतील, तर विंडोजमधली 'एसएफसी स्कॅननाऊ' ही कमांड त्या तपासून दुरुस्त करते.

आता दुसरी बाजू. फाईल गायब नाही, पण भलत्या जागी आहे. इथे कान टवकारायचे. एसव्हीसीहोस्टचं घर म्हणजे विंडोजच्या आतलं सिस्टम ३२ हे फोल्डर. त्याच नावाची फाईल टेम्प फोल्डरमधून किंवा पेन ड्राईव्हवरून चालत असेल, किंवा नावातली अक्षरं उलटसुलट असतील, तर तिने दुसऱ्याचं नाव धारण केलंय असं समजा. टास्क मॅनेजरमध्ये राईट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' बघा. मग प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही बघा. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राईव्ह लावल्यावर फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात, तो मात्र व्हायरसच. पण तुमच्या फायली सहसा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. घाबरून फॉरमॅट मारलं, तर मात्र खरंच जातात.

घबराटीचं एक जुनं उदाहरण सांगतो. २००२ मध्ये ईमेलवर एक फॉरवर्ड फिरत होता: 'टेडी बेअरचं चिन्ह असलेली फाईल तुमच्या संगणकात असेल, तर तो व्हायरस आहे. लगेच डिलीट करा आणि सगळ्यांना कळवा.' ती फाईल विंडोजचीच होती. व्हायरस कुणी पाठवलाच नव्हता. लोकांनी आपल्या हातांनी आपली फाईल उडवली आणि पुढे दहा जणांना तेच करायला सांगितलं.

म्हणजे गायब फाईल हा फक्त प्रश्न आहे, उत्तर नाही. तसंच सगळं जागच्या जागी दिसतंय, म्हणून संगणक स्वच्छ आहे असंही नाही. पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचं मशीन नीट चालायलाच हवं असतं.

आपल्या राज्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण भीमा कोरेगाव खटल्यातलं आहे. १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी दिल्लीत रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. त्यात सापडलेली पत्रं हा आरोपांचा मोठा आधार ठरला. पुढे बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या अर्सेनल कन्सल्टिंगने डिस्कची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मधल्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये एका ईमेलमधली फाईल उघडल्यावर नेटवायर नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये शिरलं, बावीस महिन्यांहून जास्त काळ त्यावर बाहेरून ताबा होता आणि एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ती पत्रं आणून ठेवली गेली. पत्रं वर्डच्या नव्या आवृत्तीत तयार झालेली, तर लॅपटॉपवर वर्ड २००७. ती त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूणही मिळाली नाही. एनआयएने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, अटकेनंतर साडेसहा वर्षांनी.

ही तपासणी शक्य झाली, कारण डिस्कवरच्या खुणा शिल्लक होत्या. फाईल कुठे आहे, कधी आली, कशाने तयार झाली, कुणी उघडली, हे सगळं डिस्क सांगते. तुम्ही घाबरून विंडोज नवीन मारलं, तर डिस्क मुकी होते. त्यात तुमच्याविरुद्धचा पुरावा जातो असं तुम्हाला वाटतं, पण तुमच्या बाजूचाही जातो. शिवाय पुरावा नष्ट केल्याचा आरोप अंगावर येतो, तो वेगळाच.

हे मी साताऱ्यात का बोलतोय, ते तुम्हाला कळतंय. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुसेसावळीत जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. मजकूर कुणी टाकला, कुठल्या फोनवरून टाकला, हे तपासायला वेळ लागतो. जमाव तेवढा वेळ देत नाही. म्हणूनच आपण आधीपासून तयार राहायला हवं.

साधा व्हायरस असेल तर स्कॅन करा, साफ करा, विषय संपला. पण पैसे गेले, तुमच्या नावाने पोस्ट पडली किंवा तुम्ही न ठेवलेल्या फायली सापडल्या, तर काही डिलीट करू नका. नेट तोडा. स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनवर वेळेसकट काढा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. पैशांचा मामला असेल तर १९३० वर फोन करा, नाहीतर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. उपकरण जप्त होत असेल, तर शांतपणे पंचनाम्याची प्रत मागा, हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. हॅश म्हणजे डिस्कच्या अंगठ्याचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लिहायचाच असतो. नव्या कायद्यात झडतीचं चित्रीकरणही सांगितलेलं आहे. आणि वकिलांना लगेच कळवा.

एक कडवट गोष्टही सांगतो. स्वतः काहीतरी लिहायचं आणि अंगाशी आलं की 'अकाउंट हॅक झालं' म्हणायचं, ही सवय आपल्यातही आहे. ती सोडा. ज्याचं खरंच हॅक होतं, त्याच्यावर मग कुणी विश्वास ठेवत नाही.

आज घरी जाल तेव्हा तीन कामं करा. ईमेल आणि इन्स्टाला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. क्रॅक सॉफ्टवेअर काढून टाका. घरातल्या संगणकाचा बॅकअप घेऊन ठेवा, आणि ज्यांना हे जमत नाही त्या अम्मी-अब्बूंच्या फोनचंही बघा.