नवा कॉम्प्युटर, काळा पडदा



बचत गटासाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की मावळातून लोकलने पुण्याला जायचं, तपकीर गल्लीत सुटे भाग घ्यायचे आणि जोडून आणायचे. स्वस्त पडतं. आमच्या गटाने तेच केलं. पंखा फिरला, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." म्हणजे पुन्हा गटाच्या शिलकीत हात घालायचा! आम्ही थांबलो, आणि ते बरंच झालं.

मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो. प्रोसेसरला ओळखतो तो हाच. बोर्ड आधी बनला आणि प्रोसेसर नंतर आला, तर ओळख पटत नाही. नव्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसावं, तसं. सून घरातच असते, नाव तेवढं चढवायचं असतं. उदाहरण सांगतो. बी-४५० जातीचे बोर्ड २०१८ साली आले आणि रायझन ३००० प्रोसेसर जुलै २०१९ मध्ये. खाचेत तो नीट बसतो, पण जुन्या बायोसवर चालू होत नाही.

आधी साध्या गोष्टी बघा. रॅम घट्ट बसली आहे का? रायझन ५ ३६०० सारख्या प्रोसेसरला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं; ते नसेल तरी पडदा काळाच राहतो.

मग बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव आणि रिव्हिजन नंबर लिहून घ्या. कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो, याची यादी बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर असते. काही बोर्डांना फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्यात पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न ओळखताही बायोस बदलता येतो. आमच्या बोर्डाला ते नव्हतं. दुकानदाराने थोडा वेळ जुना प्रोसेसर बसवला, बायोस बदलला आणि आमचा परत लावला. खरं तर हे काम विकतानाच करून मागावं.

बायोस भरत असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच बंद पडू शकतो. आषाढात लोणावळ्याकडे विजेचा काय भरवसा! यूपीएस असल्याशिवाय हात लावू नका. आणि फाइल त्याच बोर्डाची, त्याच रिव्हिजनची हवी.

नंतर तारीख-वेळ तपासा. ती चुकीची राहिली तर हप्त्यांच्या नोंदीही चुकीच्या तारखेला पडतील.