चेरी काउंटींतील दुष्काळ आणि सरकारी साहाय्य

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानाच्या उत्तर सीमेवर चेरी नांवाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. परंतु ह्या विभागाचा विस्तार सुमारें ६,००० चौरस मैल, म्हणजे कनेक्टिकट ह्या अख्ख्या संस्थानाहून अधिक. आणि २०२० च्या शिरगणतींतील वस्ती अवघी ५,४५५! मनुष्यांपेक्षां गुरें कितीतरी पटींनीं जास्त. मांसोत्पादनासाठीं पाळलेल्या गाईंच्या संख्येंत २०१७ च्या कृषिगणनेनें हिला साऱ्या देशांत पहिलें स्थान दिलें.

येथील भूमि वाळूच्या टेंकड्यांची आहे. वर गवताचें आच्छादन आहे एवढेंच. नांगर फिरला कीं वाळू उडूं लागते. १९०४ च्या किंकेड कायद्यान्वयें सरकारनें येथें वसाहत करणारांस ६४० एकरांपर्यंत जमीन जवळजवळ फुकट दिली. पण शेती साधली नाहीं आणि पुष्कळांनीं आपली जमीन गुरांच्या मालकांस विकून टाकली. तेव्हांपासून येथील जीवन गवतावर, आणि गवत पावसावर अवलंबून आहे.

पावसानें दगा दिला म्हणजे सरकारी साहाय्य मिळतें, तें कसें? लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठांतून दर गुरुवारीं देशाचा एक दुष्काळ-नकाशा प्रसिद्ध होतो. १९९९ पासून हा क्रम चालू आहे. त्यांत अवर्षणाच्या पायऱ्या रंगांनीं दाखविलेल्या असतात. २०१४ च्या कायद्याप्रमाणें चराईच्या हंगामांत काउंटीच्या कोणत्याहि भागावर ‘तीव्र’ दुष्काळाचा रंग सलग आठ आठवडे राहिला, तर महिन्याच्या चाऱ्याच्या ठराविक खर्चाच्या शेंकडा ६० इतकी रक्कम गोपालकास मिळे. दुष्काळ अधिक कडक असेल तर ती अनेक महिन्यांची मिळे. सातव्या आठवड्यानंतर एक सर आली आणि रंग फिका झाला, कीं मोजणी पुन्हां पहिल्यापासून! उलट चेरीसारख्या अफाट काउंटीच्या एका कोपऱ्यांत गवत करपलें, तर दुसऱ्या कोपऱ्यांतील हिरव्या कुरणाचा मालकहि पात्र ठरे. सीमेपलीकडील शेजाऱ्याचें भाग्य मात्र निराळ्या काउंटीच्या रंगावर ठरावयाचें.

ह्या व्यवस्थेची खरी परीक्षा २०१२ सालीं झाली. नेब्रास्काच्या नोंदींतील तें सर्वांत कोरडें वर्ष होय. आणि नेमकी त्याच वेळीं साहाय्याची तिजोरी बंद होती! २००८ च्या कायद्यांतील ही तरतूद ३० सप्टेंबर २०११ रोजीं संपली होती व नवा कायदा वॉशिंग्टनमध्यें अडकून पडला होता. तो ७ फेब्रुवारी २०१४ रोजीं झाला. त्यानें मागील काळाचेंहि साहाय्य देऊं केलें हें खरें. परंतु गाईंना चारा २०१२ च्या उन्हाळ्यांतच हवा होता. कित्येकांनीं कळपांतील जनावरें विकलीं. कळप म्हणजे दुकानांतील माल नव्हे, कीं संपला तर दुसऱ्या दिवशीं आणला. कालवडीस पहिलें वासरूं होण्यास दोन वर्षें लागतात आणि तें विकण्याजोगें होण्यास आणखी सहा-आठ महिने. शिवाय १९५१ नंतर देशांतील गुरांची संख्या २०१४ च्या आरंभीं सर्वांत खालीं आलेली होती. त्यामुळें त्या वर्षीं भाव विक्रमी चढले. विकलेली गाय आलेल्या रकमेंत परत घेणें सोपें नव्हतें.

हजारों एकरांच्या धन्यास सार्वजनिक द्रव्य कां द्यावें, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो अगदींच निराधार नाहीं. म्हणूनच एका व्यक्तीस वर्षास १,२५,००० डॉलरांची मर्यादा घातलेली आहे. तथापि जमिनीची किंमत कागदावर असते. रोकड शरदांत वासरें विकल्यावरच हातीं येते, हेंहि विसरून चालणार नाहीं.

२०२५ च्या कायद्यानें आठ आठवड्यांची अट चारांवर आणली आहे. काउंटीच्या सीमेवर पात्रता ठरविण्याची रीत मात्र तशीच ठेवली आहे.