पाळी गेल्यानंतरची पुडी
(सोसायटीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण, थोडे आवरून)



मला निरोप होता की काकांनी मुदत ठेवींवर दोन शब्द बोलावेत. ठेवींचं मी जिन्यातसुद्धा सांगतो. आज दुसरंच बोलणार आहे, आणि ते हिला विचारून. ही समोरच बसली आहे. म्हणाली, "सांगा, पण रंगवून सांगू नका."

या सोसायटीत राहायला आलो तेव्हा हिने पंचेचाळिशी ओलांडली होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत हिचं रात्री उठणं सुरू झालं. डिसेंबरची थंडी, आपल्या सोयगावला अजिंठ्याच्या डोंगरावरून गार वारं येतं, आणि ही म्हणायची, "अहो, पंखा लावा." छातीपासून कानापर्यंत वाफ निघाल्यासारखं व्हायचं, घाम फुटायचा, मग हुडहुडी. चिडचिड व्हायची. मी काय म्हणालो? "मनाला लावून घेऊ नकोस." बँकेत दिवसभर लोकांचे अर्ज वाचणारा माणूस, घरातला अर्ज न वाचताच फाईलला लावला.

आता कळतं ते असं. आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास पाळी जाते. सलग बारा महिने आली नाही की गेली म्हणायची. अंडाशयातून इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, जराशा उष्म्यानेही अंगातून झोत सोडतं. यात मनाचे खेळ काही नाहीत.

ही शेजारणींकडून उपाय गोळा करू लागली. रात्री सब्जा भिजवायचा, वाळ्याचं पाणी, गुलकंद, तिळाची आणि जवसाची चटणी. ते सगळं चांगलंच होतं, आजही आमच्या ताटात आहे. जवसाबद्दल मात्र हिशेब सांगतो. अमेरिकेत १८८ बायकांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये निकाल आला. अर्ध्या जणींना सहा आठवडे रोज जवसाची वडी, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण जवस नसलेली. दोन्हीकडे एक तृतीयांशाहून थोड्या जास्त जणींचे झोत निम्म्यावर आले. म्हणजे जवस नसलेल्या वडीनेही तेवढंच बरं वाटलं! यावर ही म्हणते, "वाटलं ना बरं? मग झालं तर." तिचंही खोटं नाही. चटणी खावी, फक्त तिच्यावर औषधाचा भार टाकू नये.

शतावरी आपल्या कुंपणावर आहे, तो काटेरी, सुईसारख्या पानांचा वेल. मुळांचा घोसच्या घोस निघतो. आयुर्वेदात बायकांसाठी तिचं नाव फार जुनं आहे. वैद्यांनी नाडी बघून, प्रमाण ठरवून दिली तर माझी हरकत नाही. पण चांगल्या औषधालाही दुसरी बाजू असते. ज्येष्ठमध रोज महिनोन्‌महिने घेतलं तर रक्तदाब वाढतो. अश्वगंधा थायरॉईडच्या गोळीत ढवळाढवळ करू शकते. आपल्या इमारतीत बीपीच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या किती घरांत आहेत, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जे काही घेता ते डॉक्टरांना सांगा. "घरचंच आहे" म्हणून लपवू नका.

आता खरी गोष्ट. हिची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. बाजाराच्या दिवशी एका विकणाऱ्याकडून हिने शतावरीची म्हणून पुडी आणली. वर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही. काही दिवसांनी थोडा रक्तस्राव झाला. तो म्हणाला, "उष्णता बाहेर पडतेय, पुडी चालू ठेवा." हिने आठ महिने ठेवली. मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मंडळी, कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की आम्ही खातं बुडीतकडे धरायचो, माणूस घरी पाठवायचो. माझ्याच घरात आठ महिने थकले.

डॉक्टरकडे का गेली नाहीस, तर म्हणाली, "गेलं की पिशवी काढतात." ही भीती वेड्यासारखी नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. त्यात कितीतरी तरुण बायका होत्या. पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर ऐन तिशीत, एका दिवसात, हे सगळे झोत सुरू होतात. त्यामुळे कोणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. पण भीतीने घरी बसू नका.

शेवटी सून घेऊन गेली, शंभरेक किलोमीटर, तेव्हाच्या औरंगाबादला. सोनोग्राफीत आतलं अस्तर जाड निघालं. मग तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी पासबुकासारखे मोजले. कर्करोग नव्हता, पण त्या वाटेला लागलेला बदल होता. ऑपरेशन झालं, योग्य कारणासाठी झालं. त्याला सतरा वर्षं झाली. पुडीमुळे झालं असं डॉक्टरांनी म्हटलं नाही, मीही म्हणणार नाही. पुडीने आठ महिने खाल्ले, एवढंच.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक ठिपका जरी दिसला, तरी त्यावर कुठलीही मुळी, काढा, पुडी नको. त्याच आठवड्यात तपासणी. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण ते तपासूनच कळतं.

पुरुष मंडळींना एक काम. आज घरी गेल्यावर विचारा, "रात्री झोप लागते का?" उत्तर "काही नाही" असं येईल. परत विचारा.

आणि गेल्या पावसाळ्यात शतावरीची मुळं कोणीतरी उपटून नेली आहेत. कोण ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. वेल पुन्हा फुटलाय, या वर्षी राहू द्या. तिळगूळ घ्या, चहा गार होतोय.